गेज 200 बार दाखवत होतं, तरी दुपारी प्रेस मंदावत होती: एक प्रकरण अभ्यास

तक्रार दोन ओळींत मावेल एवढीच होती. 100 टनी हायड्रॉलिक प्रेस सकाळी नीट चालते, दुपारी मंदावते. आणि दुपारनंतर तेलाचं तापमान 70 अंशांवर गेलं की तापमानाचा स्विच तिला बंद करून टाकतो, मग तेल निवेपर्यंत काम ठप्प.

मी पाहायला जाण्याआधी बरंच काही करून झालं होतं. पंप नवा घातला होता. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपुढे गेला की तेल टँकमध्ये सोडणारी झडप) बदलला होता. सिलिंडर उतरवून पिस्टनची सीलं (कडेने तेल निसटू न देणारी कडी) नवी बसवली होती. शेवटी 46 ग्रेडचं तेल काढून 68 ग्रेडचं घट्ट तेल भरलं होतं. सीलं आणि तेल बदलल्यावर काही दिवस फरक वाटला, मग पुन्हा तेच. आता तेल गार करायला कूलर लावायचा विचार चालू होता, आणि त्यावर मत द्या एवढंच माझ्याकडून हवं होतं.

या प्रकरणात सगळ्यांचा विश्वास एका गोष्टीवर होता: गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मापकावर. गेज सकाळीही 200 बार दाखवायचं, दुपारीही 200. दाब पुरेसा आहे म्हणजे सिस्टीम ठीक आहे, बिघाड कुठेतरी "किरकोळ" आहे, असं सगळे धरून चालले होते. हायड्रॉलिक्समध्ये हा समज फार नडतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

मशीनची मांडणी

प्रेस चार खांबांची, सिलिंडर वर, रॅम (दाबणारा भाग) खाली येणारा. पिस्टनचा व्यास 250 मिमी, रॉडचा 180 मिमी, स्ट्रोक 300 मिमी. पिस्टनच्या वरच्या बाजूचं क्षेत्रफळ सुमारे 491 चौरस सेंमी, आणि रॉडची जागा वजा जाता खालच्या कड्याचं सुमारे 236 चौरस सेंमी. वरच्या बाजूला 200 बार दाब दिला की जोर होतो सुमारे 982 किलोन्यूटन, म्हणजे 100 टन.

पंप ठरावीक मापाचा आहे: एका फेऱ्यात 25 घन सेंमी तेल ढकलणारा, मोटर 1450 फेऱ्यांची. गणिताने मिनिटाला 36 लिटर, आतली गळती धरून हाती येतात 34 च्या आसपास. एवढं तेल 491 चौरस सेंमीच्या पिस्टनवर पडलं की रॅम सेकंदाला साडेअकरा मिमी उतरतो. टँक 200 लिटरचा, साध्या पत्र्याचा. कूलर नाही. काम जाड पट्ट्यांना डायमध्ये, म्हणजे साच्यात, बाक देण्याचं. रॅम 180 मिमी उतरला की पट्टीला टेकतो आणि 240 मिमीपर्यंत तिला दाबत नेतो. त्या शेवटच्या 60 मिमीत दाब चढत 150 बारपर्यंत जातो, म्हणजे जोर सुमारे 75 टन. पट्टी डायच्या तळाला बसली की रॅम अडतो, गेज झटकन 200 वर जातं, आणि रॅम वर फिरतो.

पंप दाब तयार करत नाही

पंप फक्त तेल ढकलतो. मिनिटाला इतके लिटर, एवढंच त्याचं काम. दाब तयार होतो तो तेलाच्या वाटेत काहीतरी आडवं आल्यामुळे. रॅम मोकळा उतरत असताना याच मशीनच्या गेजवर जेमतेम दहा-पंधरा बार दिसतात, पंप मात्र तेवढंच तेल देत असतो. पट्टी आडवी आली की दाब चढतो, आणि पट्टी जेवढा विरोध करेल तेवढाच चढतो. रॅम पुरता अडला की तेलाला जायला जागा उरत नाही, दाब वाढतच जातो, आणि 200 वर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ते तेल टँकमध्ये सोडून देतो.

म्हणजे दाबावरून कळतो जोर, आणि वेग ठरतो लिटरांवरून. काम दोन्ही मिळून होतं. पिस्टनने केलेलं काम जोर गुणिले अंतर असं मोजा किंवा दाब गुणिले सरकलेलं आकारमान असं मोजा, उत्तर एकच येतं. 75 टनांच्या जोराने 60 मिमी ढकलणं म्हणजे सुमारे 44 किलोज्यूल. तेच 150 बार दाबाने 2.95 लिटर तेल सिलिंडरमध्ये घालणं, तेही 44 किलोज्यूल. यातून एक कामाचा आकडा हाताशी येतो: 150 बारचं प्रत्येक लिटर 15 किलोज्यूल ऊर्जा घेऊन पंपातून निघतं. ते लिटर पिस्टन ढकलून मोकळं झालं तर ती ऊर्जा पट्टी वाकवण्यात गेली. आणि ते लिटर एखाद्या फटीतून निसटून टँकमध्ये परतलं, तर तीच 15 किलोज्यूल पूर्णच्या पूर्ण उष्णता होऊन तेलात उतरली. तिसरी वाट नाही.

त्यामुळे "मंद चालते" आणि "तापते" या दोन तक्रारी मी वेगळ्या धरल्या नाहीत. पिस्टनपर्यंत न पोचलेले लिटर आणि टँकमध्ये साठलेली उष्णता हा एकाच खात्याचा हिशेब आहे.

गेज 200 दाखवतं यातही नवल नव्हतं. रॅम अडल्यावर पंपाकडून 33 लिटर येत असतील आणि गळतीतून 15-17 लिटर जात असतील, तरी उरलेलं तेल दाब 200 पर्यंत चढवणारच. गळती पंपाच्या पुरवठ्यापेक्षा कमी आहे तोवर गेज शेवटी पूर्ण आकडा दाखवतं. निम्मं तेल वाया जात असताना ते काही बोलत नाही.

ऑपरेटरचं एक वाक्य

मोजमापाला हात घालण्याआधी प्रेस चालवणाऱ्याशी बोललो. तो म्हणाला, "साहेब, वरून खाली येताना तिचा वेग तोच असतो, सकाळी काय न् दुपारी काय. पट्टीला टेकली की मग ओढत बसते."

हे मला फार मोलाचं वाटलं. मोकळ्या उतरणीचा वेग दुपारीही तोच आहे, म्हणजे पंपातून तेल निघतं आहे. सक्शनला (पंप तेल ओढतो त्या बाजूला) हवा येत असती किंवा सक्शनचा गाळणा चोंदला असता, तर मोकळी उतरणही मंदावली असती, आवाज आला असता, टँकमधलं तेल दुधट दिसलं असतं. तसं काही नव्हतं. तेल कमी पडतं ते फक्त दाब चढल्यावर. दाब चढल्यावरच जाणारं तेल म्हणजे आतली गळती, दाबाच्या बाजूकडून टँकच्या बाजूला. आणि ती तेल गरम झाल्यावर वाढते.

गरम झाल्यावर वाढते, हाही एक धागाच. तेल बारीक पण लांबट फटीतून जात असेल, तर गळती तेलाच्या घट्टपणाच्या व्यस्त प्रमाणात बदलते: तेल निम्म्याने पातळ झालं की गळती दुप्पट. तीक्ष्ण कडेच्या आखूड भोकातून जात असेल तर घट्टपणाचा फारसा फरक पडत नाही. 68 ग्रेडच्या तेलाचा घट्टपणा 40 अंशांना 68 सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक) असतो. तोच 30 अंशांना शंभराच्या वर जातो आणि 70 अंशांना विसाच्या आसपास येतो. सकाळ ते दुपार पाचपट फरक. इथली गळती तापमानाबरोबर इतकी बदलत होती की रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर खड्डा पडला असावा ही शक्यता मागे पडली. संशय फटींवर आला: पंपाच्या आतल्या फटी, डायरेक्शनल व्हॉल्व्हचा (तेलाची दिशा बदलणाऱ्या झडपेचा) स्पूल म्हणजे आतला सरकता दांडा, नाहीतर पिस्टन आणि बॅरल (सिलिंडरची नळी) यांच्यामधली जागा.

एकेक भाग सुटा करून

सगळी मोजणी दुपारी घेतली, तेल 65 अंशांच्या वर गेल्यावर. सकाळी थंड तेलावर घेतलेले आकडे या तक्रारीत काहीच सांगणार नव्हते. आधीच्या तपासण्या बहुतेक सकाळी, काम सुरू होण्याआधी झाल्या होत्या. सोयीचं म्हणून तसं होतं, पण बिघाड दुपारचा असेल तर मोजायचंही दुपारीच.

आधी पंप. पंपानंतर फ्लोमीटर (प्रवाह मोजणारं यंत्र) आणि लोड व्हॉल्व्ह (वाट आवळून दाब चढवणारी झडप) बसवून दाब 150 बारवर नेला. पंपाने मिनिटाला 33 लिटर दिले. पंप निर्दोष.

मग सिलिंडरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांऐवजी डायरेक्शनल व्हॉल्व्हच्या पोर्टांना (तेलाच्या तोंडांना) प्लग मारले आणि व्हॉल्व्ह दाबण्याच्या स्थितीत धरला. आता तेल जायला रिलीफ व्हॉल्व्ह आणि स्पूलच्या फटी एवढीच जागा. रिलीफ उघडण्याच्या बऱ्याच खाली, 150 बारला, टँककडे परतणारं तेल अर्ध्या लिटरच्याही आत होतं. हे दोन्ही भागही सुटले.

राहिला सिलिंडर. पण त्याची तपासणी आधीच झाली होती आणि नोंदवहीत "गळती नाही" असं लिहिलेलं होतं. ती तपासणी कशी केली होती ते विचारलं. पद्धत नेहमीचीच होती: रॅम पूर्ण 300 मिमी खाली नेऊन टेकवायचा, वरच्या बाजूला दाब द्यायचा, रॉडच्या बाजूचा पाइप सोडवून तिथून तेल येतं का बघायचं. रॅम हलत नसताना त्या पोर्टमधून आलेलं सगळं तेल पिस्टनवरून निसटलेलंच असणार. तत्त्व बिनचूक आहे. अडचण एवढीच की प्रेस 300 मिमीवर कधी कामच करत नाही. ती काम करते 180 ते 240 मध्ये.

म्हणून तीच तपासणी वेगवेगळ्या उंचीवर करायचं ठरवलं. बेडवर, रॅमच्या बरोबर मध्याखाली, घन पोलादाचे ठोकळे रचून रॅम हव्या त्या उंचीवर अडवायचा, वर 150 बार द्यायचे, आणि रॉडच्या बाजूने येणारं तेल मापाच्या डब्यात एक मिनिट धरायचं.

सुरक्षिततेचं इथेच सांगतो, कारण या तपासणीत जीव जाऊ शकतो. उभ्या प्रेसचा रॅम रॉडच्या बाजूच्या तेलावर लटकलेला असतो. तो पाइप सैल केला की रॅम खाली येतो. ठोकळ्यावर रॅम पुरता टेकल्याशिवाय, मोटर बंद करून दोन्ही बाजूंचा दाब शून्यावर आणल्याशिवाय त्या पाइपच्या नटला पाना लावायचा नाही. मोटर पुन्हा चालू केल्यावर कोणीही रॅमच्या टप्प्यात उभं राहायचं नाही. आणि दाबाखालची गळती बोटाने चाचपायची तर कधीच नाही. सुईएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीतून आत शिरते. बाहेरून जखम किरकोळ दिसते, आत तेल पसरतं, आणि तातडीने शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो.

आकडे असे आले. 60 मिमीवर मिनिटाला पाव लिटरही नाही. 120 वर तेवढंच. 180 वर 4 लिटर. 210 वर 13 लिटर. 240 वर 9 लिटर. आणि 300 वर पुन्हा पाव लिटरच्या आत.

पुढे वाद घालायला जागा उरली नाही. सील सगळीकडे गळत असतं तर सगळ्या उंचीवर गळलं असतं. गळती जागेला बांधलेली होती, म्हणजे दोष पिस्टनसोबत फिरणाऱ्या सीलमध्ये नव्हता, जागेवर उभ्या असलेल्या बॅरलमध्ये होता, आणि नेमका प्रेस जिथे काम करते तिथे.

तापमानानेही तेच सांगितलं. फटीतून निसटणारं तेल तिथेच तापतं, आणि किती तापतं ते दाबावरून काढता येतं: 150 बार गमावले की खनिज तेल सुमारे 9 अंशांनी तापतं. ठोकळा 210 वर असताना वरच्या पोर्टपाशी 67 अंश होते आणि रॉडच्या पोर्टपाशी 75. हे इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलं, पण चकचकीत धातूवर तो खोटं वाचन देतो, म्हणून दोन्ही जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर रोखला. ज्याच्याकडे फ्लोमीटर नाही त्यालाही ही युक्ती जमण्यासारखी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तेल 30 अंशांना असताना, 210 वर पुन्हा मोजलं: 13 ऐवजी जेमतेम 3 लिटर. सकाळी कोणाला काही का जाणवत नव्हतं, ते इथे उलगडलं. 34 पैकी 3 लिटर गेले तर डोळ्यांना कळत नाही. 33 पैकी 13 गेले की वेग सेकंदाला साडेअकरा मिमीवरून सातच्या खाली येतो.

उष्णतेचा हिशेबही जुळला. 150 बारला मिनिटाला 13 लिटर म्हणजे सव्वातीन किलोवॅट. प्रेस चक्राच्या साधारण पाचव्या भागातच दाबाखाली असते, म्हणजे सरासरी साडेसहाशे वॅट. ऐकायला थोडं वाटतं. पण पत्र्याच्या टँकमधून हवेत जाणारी उष्णता मर्यादित असते, आणि पाइप, व्हॉल्व्ह आणि पंप यांची नेहमीची उष्णता ती मर्यादा आधीच बरीचशी वापरत होती. त्यावर हे साडेसहाशे वॅट पडले की तापमान तासातासाने चढत जातं. चढलं की तेल पातळ होतं, पातळ झालं की गळती वाढते, गळती वाढली की उष्णता वाढते.

सिलिंडर उघडल्यावर

बॅरल उजेडात धरलं तेव्हा आत डावीकडे साधारण 70 मिमी रुंदीचा ओरखड्यांचा पट्टा दिसला. बारीक, एकमेकांना समांतर, सगळे उभे. नखाला स्पष्ट अडकत होते. सर्वांत खोल जागी खोली 0.1 मिमीच्या आसपास भरली. वर आणि खाली, जिथे प्रेस कधी जोर लावत नाही, तिथे बॅरल आरशासारखं होतं. पिस्टनच्या गाइड रिंगा (त्याला मध्यावर धरणारी कडी) डावीकडून इतक्या झिजल्या होत्या की पिस्टनचा धातू बॅरलला टेकल्याच्या खुणा होत्या. ग्लँडचा (रॉड सिलिंडरबाहेर येतो त्या तोंडाचा) बुश मात्र उजवीकडे झिजलेला.

एक दशांश मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटेल. पण बारीक फटीतला प्रवाह फटीच्या उंचीच्या घनाने वाढतो. फट दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणूनच सीलखाली हाताला जेमतेम जाणवणारा ओरखडा मिनिटाला कित्येक लिटर सोडतो.

पिस्टनचं सील या यंत्रात नुसती पॅकिंगची वस्तू नाही, त्याच्यावरच सगळं उभं आहे. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला. जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते 1795 मध्ये. नियम माहीत असूनही यंत्र अडत होतं ते पिस्टनभोवतीच्या गळतीवर. ती अडचण सोडवणाऱ्या कातड्याच्या, वाटीसारख्या सीलचं श्रेय साधारणपणे ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लीला दिलं जातं. दाब वाढेल तशी त्याची कड भिंतीवर अधिक घट्ट बसते, दाब गेला की सैल पडते. आजच्या पॉलियुरेथेनच्या सीलांमागेही तेच तत्त्व आहे. ती थोडीफार हालचाल सांभाळतातही. दाबाखाली बॅरल स्वतः फुगतं. 30 मिमी जाड भिंतीचं हे बॅरल 200 बारला व्यासात 0.1 मिमीहून किंचित जास्त वाढतं, आणि सीलची कड त्याच्या मागे जाते. पण ती वाढ सगळ्या बाजूंनी गुळगुळीत असते. अरुंद, धारदार ओरखड्याच्या तळापर्यंत कड पोचत नाही. उलट तो ओरखडा प्रत्येक स्ट्रोकला सीलची कड कापत राहतो. नवी सीलं काही दिवस बरी वाटली आणि मग हरली, ती यामुळे.

ओरखडे डावीकडेच का

इथे थांबून नवं बॅरल बसवलं असतं तर तेही त्याच वाटेने गेलं असतं. झीज वर डावीकडे आणि खाली उजवीकडे, म्हणजे रॅम तिरका होत होता. खालून उजव्या बाजूला रेटा बसला तरच असं होतं: रॅमचं खालचं टोक उजवीकडे सरकू पाहतं, वरचा पिस्टन डावीकडे.

बेडवर पाहिलं तर डाय मध्यापासून 40 मिमी उजवीकडे होती. आधी ती मध्यावर असायची. पुढे डाय बदलण्यात वेळ जाऊ नये म्हणून शेजारी दुसरी डाय कायमची बसवली गेली, आणि दोन्ही मावाव्यात म्हणून पहिली सरकवली. दुसरीवर हलकं काम होतं, जड काम सगळं पहिलीवर.

75 टन जोर मध्यापासून 40 मिमी बाजूला लागला की रॅमला तिरकं करू पाहणारा घूर्ण सुमारे 29 किलोन्यूटन-मीटर होतो. तो पेलायचं काम रॅमच्या बाजूच्या गाइडांचं. पण त्यांची फट इतकी वाढली होती की सळई लावून ढकललं तर रॅम हललेला दिसत होता. गाइडांनी काहीच उचललं नाही असं धरलं, तर तो घूर्ण पिस्टन आणि ग्लँड या दोन टेकूंवर येतो. रॅम 210 मिमी खाली असताना त्यांच्यातलं अंतर सुमारे 350 मिमी उरतं. म्हणजे प्रत्येक टेकूवर 84 किलोन्यूटन, साडेआठ टन आडवा रेटा. रॅम जेवढा बाहेर तेवढं हे अंतर कमी आणि आडवा रेटा जास्त. हायड्रॉलिक सिलिंडर अक्षाच्या दिशेने कितीही जोर लावेल. आडवं ओझं उचलायला तो बनवलेलाच नसतो.

आणखी एक गोष्ट भर घालत होती. पंप बदलला तेव्हा टँक आणि पाइप धुतले नव्हते. रिटर्न फिल्टर (टँकमध्ये परतणारं तेल गाळणारा) कापून पाहिला तर त्यात पोलादाचे आणि ब्राँझचे चकाकणारे कण सापडले. मूळ कारण हे नव्हे, पण ओरखडे पडत असलेल्या जागी असे कण फिरत राहिले की ते झपाट्याने खोल होतात.

कूलर लावला असता तर

ज्यासाठी मला बोलावलं होतं त्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. कूलर लावला असता तर प्रेस बंद पडणं नक्की थांबलं असतं. तेल 45 अंशांवर राहिलं असतं, घट्ट राहिलं असतं, गळती निम्म्याहून खाली आली असती, आणि सगळ्यांनी समाधानाने फाइल मिटवली असती. आत पिस्टन बॅरलला घासतच राहिला असता. कूलर वाईट नाही. मोठ्या, सतत दाबाखाली चालणाऱ्या यंत्राला तो लागतोच. पण जे मशीन पूर्वी कूलरशिवाय चालत होतं ते आता का तापतं, याचं उत्तर मिळाल्याशिवाय कूलर लावायला माझा स्पष्ट विरोध होता. घट्ट तेलाचंही तसंच. 68 ग्रेडने गळती थोडी झाकली, पण थंडीच्या सकाळी तेच तेल सक्शनमधून ओढताना पंपाची ओढाताण होते.

दुरुस्ती

बॅरल होनिंग करून (आतून बारीक घासून) वापरता येईल का यावर बोलणं झालं. 0.1 मिमी खोल ओरखडा पूर्ण काढायचा तर व्यास किमान 0.2 मिमीने वाढतो. या मापाला बॅरलची सहनमर्यादा 250.00 ते 250.072 मिमी आहे. त्याबाहेर गेलं की पिस्टनभोवतीची फट वाढते आणि दाबाखाली सील त्या फटीत घुसून फाटायचा धोका राहतो. जास्त मापाची सीलं आणि नवा पिस्टन घेऊन ते करता आलं असतं. पण मग हा एक सिलिंडर कायमचा वेगळ्या मापाचा होतो आणि पुढच्या प्रत्येक बदलाला चूक व्हायची शक्यता उरते. म्हणून नवं होन केलेलं बॅरल घेतलं, आतला खरखरीतपणा 0.4 मायक्रॉनच्या आत. सोबत नव्या गाइड रिंगा, नवी सीलं, ग्लँडचा नवा बुश.

रॅमच्या गाइडांच्या पट्ट्या बदलून फट जुळवली. टँक रिकामा करून पुसला, पाइप धुतले, 46 ग्रेडचं तेल फिल्टरमधून गाळूनच भरलं. रिटर्नला 10 मायक्रॉनचा फिल्टर आणि तो चोंदल्याचं दाखवणारा दर्शक बसवला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो डायवर. उत्पादनाच्या माणसांना दोन्ही डाय बेडवर हव्या होत्या आणि त्यांची अडचण खरी होती. अखेर दोन्ही डाय एका सरकत्या पाटावर बसवल्या. जिचं काम असेल ती पाट सरकवून मध्यावर आणायची, आणि खिळ बसल्याशिवाय प्रेस चालू होणार नाही असा स्विच लावला. डाय बदलण्यात वेळ जात नाही, आणि जोर नेहमी रॅमच्या अक्षात लागतो.

नंतर दुपारी गरम तेलावर पुन्हा ठोकळे रचून मोजलं. सहाही उंचीवर गळती पाव लिटरच्या आत. दाबाखालचा वेग सेकंदाला 11 मिमी. टँकचं तापमान दिवसभराच्या कामानंतर 53 अंशांवर स्थिरावतं. 46 ग्रेडचं तेल असूनही.

आधी काढून ठेवलेला जुना पंप बेंचवर लावून पाहिला. 150 बारला गरम तेलावर त्याने जवळपास नव्याइतकंच तेल दिलं. तो आता धुऊन, पोर्ट बंद करून, राखीव म्हणून ठेवला आहे.

सिलिंडरच्या दोन्ही पोर्टांपाशी दाब मोजायचे पॉइंट कायमचे बसवले, आणि नोंदवहीत दाबाच्या रकान्याशेजारी वेगाचा नवा रकाना आखला. ऑपरेटर दर आठवड्याला, दुपारी, 180 ते 240 मिमी हे अंतर दाबाखाली किती सेकंदांत कापलं ते लिहितो. साडेपाच सेकंदांच्या आसपास असेल तर ठीक. सातच्या वर गेलं तर आधी डायची जागा आणि गाइडांची फट बघायची, मग ठोकळे रचून 210 वर गळती मोजायची, आणि पंपाला हात त्यानंतर लावायचा.